परमिट रूमचा अर्ज आणि मागच्या बंगल्याची खिडकी

सांगलीत विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता किंवा सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या कॉलन्यांत एखाद्या चालत्या रेस्टॉरंटने परमिट रूमसाठी अर्ज केला, की पुढचा वाद कसा जाणार हे आधीच सांगता येते. कॉलनीतले लोक सह्यांचे निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. त्यात संस्कार, शाळकरी मुले, महिलांची सुरक्षितता, जवळचे देऊळ हे सगळे असते आणि शेवटी 'तसेच रात्री आवाजाचा त्रास होतो' अशी एक ओळ. मालकाच्या बाजूने रोजगार, भरलेला कर आणि 'पलीकडच्या चौकात दोन बार चालतात, मग मलाच का अडवता?' हा सवाल. दारूचे परवाने पाहणाऱ्या एक्साइज खात्याचे निरीक्षक येतात, अंतरे मोजतात, पंचनामा करतात. पोलीस ठाण्याचा अहवाल जातो. परवाना मिळतो किंवा नाकारला जातो. पण मागच्या बंगल्यातल्या झोपायच्या खोलीपर्यंत रात्री अकराला किती आवाज पोहोचतो, हा आकडा त्या अख्ख्या फायलीत कुठेच नसतो.

हा वाद चुकीच्या जागी घातला जातो आहे आणि त्यात नुकसान शेजाऱ्यांचेच होते, असे माझे मत आहे. आवाजाचा प्रश्न दारूच्या प्रश्नापासून वेगळा काढून आधी सोडवला पाहिजे, तोही आकड्यांत आणि लेखी, परवान्यावर सही होण्यापूर्वी. जो मालक हे करायला तयार नाही त्याचा अर्ज नाकारावा. जो करून दाखवतो त्याला परवाना मिळायला हरकत नसावी. 'बार नकोच' एवढीच मागणी करणारी कॉलनी आपल्या हातातला सगळ्यात भक्कम पत्ता न खेळताच टाकून देते.

दारूला असलेला विरोध मी हलका मानत नाही. महाराष्ट्रात तो पुस्तकी नीतिमत्तेतून आलेला नाही, घराघरातल्या बायकांनी सोसलेल्या अनुभवातून आला आहे. वर्धा, गडचिरोली आणि २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूर या जिल्ह्यांनी दारूबंदी पाहिली, तिच्यामागे हाच अनुभव होता. चालू दुकान बंद करण्यासाठी मतदानाचा मार्गही कायद्याने दिला आहे: पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने. ज्यांना दारूच नको आहे त्यांनी या मार्गाने उघडपणे लढावे, तो त्यांचा हक्क आहे. पण दारूचा विरोध आवाजाच्या तक्रारीमागे लपवला, तर उद्या मालकाने भिंती जाड केल्या, खिडक्या बदलल्या, की तुमच्याकडे बोलायला काय उरते? आणि उलट, खरा त्रास आवाजाचा असताना संस्कारांवर भाषणे दिली, तर अधिकारी त्या भाषणांवर 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून मोकळे होतात.

आवाज वेगळा काढता येतो का? न्यायालयांनी तो काढून दाखवला आहे. चर्चमधल्या ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, तेव्हा प्रार्थना योग्य की अयोग्य यात न्यायालय शिरलेच नाही. प्रार्थना करा, पण दुसऱ्याची शांतता मोडून ध्वनिक्षेपकावर करण्याचा हक्क कोणत्याही धर्माने दिलेला नाही, एवढेच सांगितले. १८ जुलै २००५ च्या निकालात रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांबाबत हीच भूमिका आणखी पक्की झाली. आपल्याकडे गणपतीतल्या डॉल्बीवर एवढी वर्षे भांडणे झाली. त्यात गणपती नको असे कोणी म्हटले होते का? प्रार्थना आणि उत्सव यांना लावलेले माप जेवणावळीला आणि बारला का लावू नये?

आता आकडे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाली गाळे आणि वर बिऱ्हाडे अशी मिश्र वस्ती असेल तर ती कोणत्या वर्गात धरायची हे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवायचे असते. सांगलीतले बहुतेक वाद नेमके अशाच रस्त्यांवर होतात. मालक म्हणतो व्यापारी, शेजारी म्हणतात निवासी. हा फरक दहा डेसिबलचा आहे, म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट आणि कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज. त्यामुळे निवेदनातली पहिली मागणी हीच हवी की आमचा रस्ता कोणत्या वर्गात येतो ते लेखी कळवा. ते ठरल्याशिवाय पुढचे प्रत्येक भांडण हवेत आहे.

या नियमांत आणखी एक खाच आहे आणि ती शेजाऱ्यांना फार उशिरा कळते. रात्रीच्या खास निर्बंधांचा भंग वगळला, तर तक्रारीचा हक्क मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा जास्त आवाज झाला तरच सुरू होतो. म्हणजे निवासी भागात रात्री ५२-५३ डेसिबलचा आवाज रोज आला, तर मर्यादा ओलांडलेली असूनही तक्रार टिकवणे अवघड जाते. झोप मात्र मोडतेच. कायदा एवढा बोथट आहे म्हणूनच त्याच्यापेक्षा कडक अट आधी लिहून घेण्यात अर्थ आहे.

आवाज बाहेर पडतो कुठून, हे न पाहता केलेली 'साउंडप्रूफिंग'ची भाषा फसवी असते. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत सुमारे पन्नास डेसिबल आवाज अडवते. पण दहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशा मागच्या भिंतीत स्वयंपाकघराच्या एग्झॉस्टसाठी पावणेदोन फूट बाय पावणेदोन फुटांचे भोक पाडले, की भिंतीचा जवळपास एक टक्का भाग उघडा होतो. आणि भिंतीचा एक टक्का उघडा राहिला तर बाकीची भिंत कितीही जाड असो, एकूण अडवणूक वीस डेसिबलच्या वर जात नाही. पन्नासची भिंत एका भोकाने वीसची होते. आत ८५ डेसिबलची गजबज असेल तर भोकाच्या बाजूला ६५ येणार आणि त्यात पंख्याची घरघर वेगळी. यावर इलाज आहे: एग्झॉस्टला आतून खनिज लोकरीचे अस्तर असलेली वळणदार डक्ट, शक्य तर तोंड छताच्या वर आणि पंखा रबरी पॅडवर. प्रत्यक्षात मालक काय करतात? हॉलच्या भिंतींना काळा टोकेरी फोम चिकटवतात. त्या फोमने आतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्यासाठी वजन लागते: जिप्समचे दोन थर, मागे पन्नास मिलिमीटर रॉकवूल, सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या जागी घट्ट बसणारी जाड लॅमिनेटेड काच आणि प्रवेशाला दोन दारांची मधली खोली, जिथे एक दार बंद झाल्यावरच दुसरे उघडते. हे दुसरे दार नसेल, तर शनिवारी रात्री वेटर आणि गिऱ्हाइकांच्या ये-जा करण्यात एकटे दार मिनिटामिनिटाला उघडते आणि भिंतींवर केलेला खर्च वाया जातो.

गच्चीवर पत्र्याचे शेड टाकून केलेली बैठक किंवा मागच्या लॉनवर मांडलेली टेबले यांना मात्र कुठलाच बंदोबस्त पुरत नाही. हिशेब करून पाहा. आठ-दहा जणांच्या रंगलेल्या टेबलाचा आवाज दोन मीटरवर ७५ डेसिबल धरला आणि मोकळ्यात अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल उतरतात हे लक्षात घेतले, तर चार मीटरवर ६९, आठवर ६३, सोळावर ५७ आणि बत्तीस मीटरवर ५१. म्हणजे शंभर फुटांपलीकडच्या घराच्या बाहेरही रात्रीच्या ४५ च्या मर्यादेपेक्षा सहा जास्त, आणि हे एकाच टेबलाचे. पत्र्याने यात काही फरक पडत नाही. उलट पाऊस आला की लोक पत्र्याच्या आवाजावरून ओरडून बोलतात. उघड्यावरची सेवा रात्री दहाला बंद, ही अट म्हणूनच सवलत देण्याजोगी नाही. ती मान्य नसेल तर त्या जागेला परवाना देऊ नये.

याउलट, शेजाऱ्यांच्या निवेदनात संगीताचा उल्लेख हमखास असतो आणि ज्या आवाजांनी खरी झोप उडते ते गाळलेले असतात. बंद करताना रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये टाकणे, मागच्या मोरीत स्टीलची भांडी आपटणे, लोखंडी शटर एका झटक्यात खाली ओढणे, पहाटे गॅसच्या टाक्या ट्रकमधून उतरवणे. हे सगळे आवाज क्षणाचे, पण टोकाचे असतात. तासाभराच्या सरासरीत दिसत नाहीत आणि माणूस मात्र दचकून जागा होतो. बाटल्या रात्री दहा ते सकाळी सात हलवायच्या नाहीत, मोरी इमारतीच्या आत, शटरला तेल आणि रबरी पट्टी: यात खर्च नगण्य आहे. वर फ्लॅट असतील तर खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आणि स्पीकर स्लॅबला न ठोकता स्वतंत्र स्टँडवर ठेवणे, कारण स्लॅबमधून जाणारा धक्का वरच्या मजल्यावर हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा जास्त जाणवतो. जनित्राचेही तसेच. नियमानुसार त्याच्या बंदिस्त पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. मोकळ्यात दहा मीटरवर हा आवाज ५५ च्या आसपास येतो. वीज गेलेल्या रात्री कुंपणाला टेकवलेले जनित्र नियमात बसूनही शेजाऱ्याच्या मर्यादेत बसत नाही. त्याची जागा नकाशावरच ठरली पाहिजे.

मोजायचे कसे, हेही भांडणाआधी ठरायला हवे. मोबाइलवरचे ॲप अंदाजापुरते ठीक. हरकतीला जोडायचे तर प्रमाणित आणि तपासून घेतलेले मीटर लागते. मोजणी रेस्टॉरंटच्या दारात न करता त्रास होणाऱ्या घराच्या खिडकीबाहेर, एक मीटरवर. एकदा रेस्टॉरंट बंद असलेल्या दिवशी, एकदा शनिवारी रात्री दहा ते बारा. आणि बेस वाजत असेल तर केवळ 'ए' मापावर विसंबू नये. हे माप कानाच्या धाटणीने खालचे सूर जवळपास पुसूनच टाकते: ५० हर्ट्‌झला तब्बल तीस डेसिबलने. त्यामुळे खिडकीची तावदाने थरथरतात आणि मीटर 'सर्व ठीक' दाखवते. त्याच मीटरवर खालचे सूर फारसे न गाळणारे 'सी' माप लावा. दोन्हींत पंधरा-वीस डेसिबलचा फरक दिसला तर दोष बेसचा आहे, आणि तो काढायला सबवूफर बंद करणे किंवा आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा, सील केलेला लिमिटर बसवणे एवढे पुरते.

आता सगळ्यात वजनदार हरकत. 'अटी कागदावर राहतात. एकदा परवाना मिळाला की कोण विचारतो? ११२ ला फोन केला की गाडी येते, आवाज उतरतो. गाडी गेली की पुन्हा चढतो.' हे खरे आहे आणि ते नाकारणाऱ्याने कुठल्याही बारच्या मागे चार रात्री काढाव्यात. पण यातून निष्कर्ष काय निघतो? नाकारलेल्या परवान्याने आवाज थांबतो, असा तर नक्की नाही. दारू न देणारी हॉटेले चोवीस तास उघडी ठेवायला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची आडकाठी नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने हे पुन्हा स्पष्ट केले. पोलीस बंद करायला लावतात ते निराळे. वेळेचे बंधन आहे ते परमिट रूम आणि बारला. परवाना नाकारलेल्या जागेत टेबलाखालून 'सोय' होऊ लागली तर काय होते, हे ढाब्यांवर पडणाऱ्या धाडींत दिसते. त्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ आणि ८४ खाली पडतात, मालक दंड भरतो आणि आठवड्याने धंदा चालू. त्याला गमावण्यासारखे काही नसते. परवानाधारकाला असते. महापालिका हद्दीत वर्षाचे शुल्कच लाखांत जाते, परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि अटींचा भंग झाला तर कलम ५४ खाली तो निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. तक्रार पोलिसांच्या गाडीपुरती राहते ती परवान्याच्या फायलीत काहीच लिहिलेले नसते म्हणून. फायलीत आकडा असेल, तर प्रत्येक मोजणी ही त्या फायलीतली नोंद होते.

दुसरी हरकत अशी की नियमांत अंतर दिलेले आहे, तेवढे पुरे. पुरत नाही. शाळा, प्रार्थनास्थळ, एसटी स्टँड यांच्यापासून अंतर मोजले जाते. ते माणसांच्या घरांपासून मोजलेच जात नाही. शिवाय अंतराच्या नियमाला वळसा कसा घालतात हे देशाने २०१७ मध्ये पाहिले. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. हेतू अपघात टाळण्याचा होता. केरळात एका बारने दारासमोर नागमोडी भिंती बांधून चालण्याची वाट पाचशे मीटरपर्यंत लांबवली. अनेक ठिकाणी महामार्गांचे तुकडे स्थानिक रस्ते म्हणून घोषित करण्याची धावपळ झाली आणि जुलै २०१७ मध्ये शहरी हद्दीला या आदेशातून वगळले गेले. नियमाने अंतर मोजले, म्हणून लोकांनी अंतराची सोय लावली. त्रास मोजला असता तर त्रासाची सोय लावावी लागली असती.

मालकांचे दोन मुद्दे मला पटतात. एक, हा खर्च आधी करायचा आणि परवाना मिळेल याची खात्री नाही. दोन, मंगल कार्यालयातला डॉल्बी चालतो, विट्यात घराघरांत यंत्रमागांची खडखड चालत आली, मग आमच्याकडेच मीटर का? पहिल्यावर उत्तर असे की सगळे काम आधी करायची गरज नाही. नकाशावर डक्ट, दारे, मोरी, जनित्र यांच्या जागा दाखवाव्यात, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्यावे आणि काम पूर्ण होऊन मोजणी झाल्यावरच दारूची सेवा सुरू करावी. दुसरा मुद्दा न्यायाचा आहे, पण यंत्रमागाने विट्याला पोट दिले म्हणून तिथल्या माणसांची झोप मोडली नाही असे कोण म्हणेल? कार्यालयांच्या डॉल्बीवर बोट ठेवून बारला सूट मागण्यापेक्षा हेच माप कार्यालयांनाही लावा, असे हॉटेलमालकांच्या संघटनांनी म्हणावे. कॉलनी त्यांच्या बाजूने उभी राहील.

काही जागांना अटींवरही परवाना देऊ नये, असे मला ठाम वाटते. मिरजेत रुग्णालयांची दाटी आहे. रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शासन शांतता क्षेत्र म्हणून घोषित करू शकते आणि तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण खिडकी बंद करून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ शकत नाही. तिथे मुख्य व्यवसायच लॉनवर किंवा गच्चीवर असेल, तर चर्चा कसली? आणि पार्किंग रस्त्यावरच होणार असेल तिथेही नकोच, कारण रात्री साडेअकराला गेटबाहेर सुरू होणाऱ्या बुलेट आणि फाटकाशी रंगणाऱ्या निरोपाच्या गप्पा कुठल्याही भिंतीच्या आत येत नाहीत.

सोसायट्यांच्या हातात तर आता लेखी साधन येऊ घातले आहे. सोसायटीच्या आवारात बीअर शॉपी किंवा वाइन शॉप सुरू करायला सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झाले. अशा प्रमाणपत्रावर नुसते 'हरकत नाही' किंवा 'हरकत आहे' लिहू नये. परमिट रूमचा मालक सोसायटीकडे किंवा कॉलनीकडे संमती मागायला आला तर त्याच कागदावर खिडकीबाहेरचा आकडा, मोजायची वेळ, बाटल्यांचे तास, उघड्यावरची बंदी आणि संपर्काला मालकाचा स्वतःचा मोबाइल नंबर उतरवून दोघांनी सही करावी व त्याची प्रत एक्साइजच्या अधीक्षकांच्या कार्यालयात आवक क्रमांकासह द्यावी. परवाना आधीच मिळून गेला असेल तर मार्चअखेरच्या नूतनीकरणाची वाट पाहू नये: डिसेंबर-जानेवारीत दोन शनिवारच्या मोजण्या घ्याव्यात, रोजच्या त्रासाची तारीखवार वही ठेवावी आणि नूतनीकरणाची फाईल टेबलावर येण्यापूर्वी हे सगळे हरकतीसोबत जोडून द्यावे.